एआयचं चित्र हलवलं की बिघडतं : दोष कुठे शिरतो आणि कसा काढायचा

एआयकडून चित्र काढून घेतलं, ते सुरेख आलं, म्हणून त्याचाच छोटा व्हिडिओ करायला दिला. व्हिडिओत शीर्षकाची अक्षरं वितळली, हाताला सहावं बोट फुटलं, भिंतीचा पोत वळवळू लागला आणि बघणाऱ्यांनी दुसऱ्या सेकंदाला अंगठा वर सरकवला. हौशी नाट्यसंस्था, गणेशोत्सव मंडळं, दिवाळी अंकवाले, छोटे दुकानदार अशा सगळ्यांकडून ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. उपाय म्हणून बहुतेक जण प्रॉम्प्ट (एआयला लिहून दिलेली सूचना) बदलून तीच क्लिप परत काढत बसतात. त्यात विकत घेतलेली क्रेडिट संपतात आणि दोष नव्या जागी निघतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की हालचाल यंत्रावर सोपवू नका. यंत्राकडून चित्र घ्या, फार तर चित्राचा एखादा तुकडा हलवून घ्या. काय हलायचं, कधी हलायचं आणि कधी थांबायचं, हे तुम्ही ठरवा. खालचे जवळपास सगळे उपाय याच एका गोष्टीतून निघतात.

बोलायला एकच उदाहरण धरू. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या एका हौशी संस्थेला प्रयोगाची जाहिरात करायची आहे. पंधरा सेकंदांचं, उभं, मोबाइलवर बघायचं हलतं पोस्टर हवं. चित्रात रात्र आहे, पाऊस आहे, जुना वाडा आहे आणि ओसरीवर कंदील घेऊन उभी असलेली नऊवारीतली बाई आहे. वर नाटकाचं नाव, त्यात ‘दुसऱ्या’ हा शब्द. खाली तारीख, वेळ, नाट्यगृह.

आधी दोषाचा टप्पा शोधा

काम चार टप्प्यांतून जातं : स्थिर चित्र, एआयची कच्ची क्लिप, तुमच्या टाइमलाइनमधून (संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपा मांडायची पट्टी) निघालेली फाइल, आणि अपलोड झाल्यावर फोनवर दिसणारा व्हिडिओ. चारही एकापाठोपाठ एक उघडून बघा. स्थिर चित्र शंभर टक्के आकारात बघा, कच्ची क्लिप एकेक फ्रेम (व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र) पुढे सरकवत बघा. सहावं बोट स्थिर चित्रातच असेल तर व्हिडिओच्या सेटिंगशी झुंजण्यात अर्थ नाही. आकाशातले पट्टे फक्त अपलोडनंतर दिसत असतील तर चित्राला हात लावायची गरज नाही. हे सांगायला साधं आहे, पण लोक नेमकं हेच करत नाहीत. शेवटची फाइल बघतात आणि दोष एकदम चित्रावर ढकलतात.

अक्षरं वितळतात, जोडाक्षरं फुटतात

मराठीत काम करणाऱ्यांचा सगळ्यात मोठा त्रास हाच आहे, आणि त्याची कारणं दोन वेगवेगळ्या ठिकाणी आहेत.

पहिलं कारण मॉडेलमध्ये. चित्र काढणारं मॉडेल अक्षर ‘लिहीत’ नाही, अक्षरासारखा दिसणारा आकार काढतं. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेलं स्टेबल डिफ्यूजन हे असंच मॉडेल ५१२ × ५१२ पिक्सेलचं चित्र आतल्या आत ६४ × ६४ च्या जाळीत काढायचं. म्हणजे चित्रातला ८ × ८ पिक्सेलचा चौकोन जाळीच्या एका घरात मावायचा. पाटीवरच्या छोट्या अक्षराची वेलांटी तीन-चार पिक्सेलची. एका घरात मात्रा, काना आणि अनुस्वार कोंबले गेले की मॉडेलला त्यांतला फरक राखता येत नाही. त्यात शिकवणीच्या चित्रांमध्ये देवनागरी थोडी, मराठी त्याहून थोडी. नव्या मॉडेलांनी बरीच मजल मारली आहे. मोठ्या आकारातला सोपा शब्द ती पुष्कळदा बरोबर काढतात. पण ‘दुसऱ्या’मधला अर्धचंद्री र, ‘वाङ्मय’, ‘उद्घाटन’ अशा ठिकाणी अजूनही भरवसा नाही. आणि स्थिर चित्रात बरोबर आलेला शब्दसुद्धा व्हिडिओत टिकेलच असं नाही, कारण पुढच्या प्रत्येक फ्रेममध्ये तो शब्द नव्यानेच घडतो.

उपाय : एआयकडून एकही अक्षर काढून घेऊ नका. चित्र मागतानाच वरची आणि खालची जागा मोकळी ठेवा. आकाशाचा पट्टा, अंधारी भिंत असं काहीतरी मागून घ्या. मागे एखादी पाटी आली असेल तर ती इनपेंटिंगने, म्हणजे चित्राचा तेवढाच भाग एआयकडून नव्याने भरून घेऊन, पुसा. पाटी हवीच असेल तर कोरी ठेवा, त्यावरचं नाव तुम्ही टाइप करा आणि पाटीच्या चार कोपऱ्यांना बांधा. क्लिपमध्ये पाटी हलत असेल तर आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या मोका या साधनाने ट्रॅक करून घ्या, म्हणजे नाव पाटीबरोबर हलेल.

दुसरं कारण तुमच्या संगणकात. अक्षरं स्वतः टाइप केली तरी ‘क्ष’चा ‘क् ष’ होतो, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. अशा वेळी आधी फॉन्ट बघा. डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला असेल तर तो युनिकोडमध्ये बदलून घ्या, नुसता फॉन्ट बदलून भागणार नाही. मग मजकुराचं इंजिन, म्हणजे सॉफ्टवेअरचा अक्षरं जुळवणारा भाग, बघा. आफ्टर इफेक्ट्स आणि व्हिडिओ संपादनाच्या प्रीमियरच्या ज्या आवृत्त्यांत इंजिन निवडावं लागतं, तिथे ते ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’वर हवं. फोटोशॉपमध्ये परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी’ रचना निवडा. बदल केल्यावर जुना टेक्स्ट लेअर दुरुस्त होईलच असं नाही. नवा लेअर घेऊन मजकूर पुन्हा चिकटवा.

फॉन्ट निवडताना चाचणीचे शब्द टाइप करून बघायची सवय लावा : दुसऱ्या, तऱ्हा, श्री, ज्ञानेश्वर, कर्तृत्व, उद्घाटन, ॲप. यातलं ‘ॲ’ हे चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टांत ते नसतं आणि त्याजागी चौकोन किंवा भलत्याच फॉन्टचं अक्षर दिसतं. मोफत फॉन्टांत एक टाइपचे मुक्त आणि बलू यांवर मी बरंच काम करतो. जुन्या वळणाची छापील अक्षरं हवी असतील तर टिरो देवनागरी मराठी घ्या. त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत. हिंदी वळणाचा ‘ल’ वाचता येतो, पण मराठी नाटकाच्या पोस्टरवर तो परका वाटतो. माझ्या मते हा तपशील किरकोळ नाही.

आता ॲनिमेशन. तयार प्रीसेट (आयत्या हालचाली) बहुतेक रोमन अक्षरांसाठी बनवलेले असतात. ते एकेक अक्षर सुटं करून आत आणतात, आणि आपल्याकडे मात्रा एकटीच उडत येते, तर कधी रिकामं ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. आफ्टर इफेक्ट्समधल्या टेक्स्ट ॲनिमेटरच्या रेंज सिलेक्टरमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ उघडा आणि ‘बेस्ड ऑन’ हे ‘कॅरेक्टर्स’वरून ‘वर्ड्स’वर आणा. शब्द अख्खा हलेल. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, शून्य ठेवा. ते अंतर हळूहळू वाढवत नेणारी शीर्षकं रोमनमध्ये भारदस्त दिसतात, देवनागरीत मात्र शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा शब्दपणाच जातो. दोन ओळींतलं अंतर वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना टेकतात.

अक्षरं एकामागून एक उमटलेली हवीच असतील तर आपल्या लिपीकडे त्याची स्वतःची सोय आहे. आधी शिरोरेषा डावीकडून उजवीकडे ओढून घ्या आणि मग तिच्याखाली अक्षरं मास्कमधून (हवा तेवढाच भाग दाखवणारी चौकट) उतरवा. शब्द त्या रेषेला टांगलेला दिसतो, वाचणाऱ्याची नजर आपोआप डावीकडून उजवीकडे जाते आणि एकही जोडाक्षर फुटत नाही. कुठल्याही विकतच्या प्रीसेटपेक्षा मला हे जास्त आवडतं.

सगळं चित्रच पोहायला लागतं

‘सिनेमॅटिक हालचाल’ असं सांगितलं की मॉडेल सगळंच हलवतं. कॅमेरा पुढे जातो, बाई मान वळवते, पदर उडतो, खांब वाकतात, पाऊस तिरपा होतो. बघणाऱ्याची नजर हलत्या गोष्टीकडे जाते, आणि सगळंच हलत असेल तर ती कुठेच ठरत नाही. माणसं पुढे सरकतात त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं. चित्र वाईट असतं असं नाही.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये भांडवल उभं करण्यासाठी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित करून दाखवली होती. चित्रात विषय एकच, वाढणारं रोप. बघणाऱ्याला कुठे बघायचं ते सांगावं लागलं नाही, आणि पैसे उभे राहिले. हलतं पोस्टर करणाऱ्याने हे डोक्यात ठेवावं.

आपल्या उदाहरणात काय हलायला हवं? कंदिलाची ज्योत, आणि पाऊस. बाई हलता कामा नये. तिचं थांबून राहणं हेच नाटकाचं आमंत्रण आहे.

हे करायचे दोन मार्ग आहेत. पहिला, चित्र थरांत कापायचा. पुढे ओसरीचा खांब, मध्ये बाई, मागे चौक आणि पाऊस. बाई कापून काढल्यावर मागे पडलेलं भोक इनपेंटिंगने भरा, आणि भरताना तिच्या आकृतीपेक्षा बरंच आतपर्यंत भरा, म्हणजे थर सरकला तरी खालून जुनी कड डोकावणार नाही. मग थर थ्रीडीमध्ये मागेपुढे ठेवून कॅमेरा अगदी थोडा पुढे न्या. कडेला पांढुरकी रेघ दिसत असेल तर मास्क पिक्सेल-दोन पिक्सेल आत घ्या आणि किंचित मऊ करा. केस, पदराची झालर, कंदिलाची तार अशा बारीक कडा फाटतातच. तिथे मास्क सुधारत बसण्यापेक्षा कॅमेऱ्याचा प्रवास कमी करा. डेप्थ मॅप (चित्रातलं काय जवळ, काय लांब याचा नकाशा) वापरून एका फटक्यात पॅरलॅक्स, म्हणजे जवळचं जास्त आणि लांबचं कमी सरकल्याचा भास, देणारी साधनं झटपट आहेत, पण जवळची आणि लांबची वस्तू जिथे भिडते तिथे ती चित्र रबरासारखं ताणतात. तीन-चार सेकंदांच्या हलक्या सरकण्याला ठीक.

दुसरा मार्ग मला जास्त उपयोगी वाटतो. एआयकडून क्लिप काढून घ्या, पण ‘कॅमेरा स्थिर, फक्त पाऊस आणि ज्योत हलते’ असं सांगून. मग टाइमलाइनवर खाली क्लिप, वर मूळ स्थिर चित्र ठेवा आणि वरच्या चित्राला फक्त पावसापाशी आणि ज्योतीपाशी मऊ कडेची भोकं पाडा. बाईचा चेहरा, बोटं, खांब, साडीचे काठ सगळं मूळ चित्रातलं राहतं. ते बिघडायला वावच उरत नाही. सांगूनही क्लिपमध्ये कॅमेरा थोडा सरकला असेल तर आधी ती स्टॅबिलाइझ करा, म्हणजे कॅमेऱ्याची हालचाल काढून टाका, नाहीतर भोकाच्या कडेला जोड दिसेल. ज्या साधनांत पहिली आणि शेवटची फ्रेम दोन्ही देता येतात, तिथे दोन्हीकडे तेच चित्र द्या. क्लिप सुरुवातीच्या जागी परत येते आणि लूपचा झटका जातो.

यंत्राला काय जमतं, याचा अंदाजही यातून येतो. ज्याला ठरलेला आकार नाही ते त्याला चांगलं हलवता येतं : धूर, धुकं, ढग, पाऊस, पाणी, ज्वाळा, लांबवर फडफडणारा ध्वज. ज्याचा आकार बघणाऱ्याला पाठ आहे ते बिघडतं : बोटं, दात, वाद्यावर चालणारा हात, पैठणीच्या काठावरचे मोर, गणपतीच्या हातांतली आयुधं. ढोल-ताशा पथकाची क्लिप एआयकडून काढून घेऊ नका. टिपरू ढोलात शिरतं आणि ठेका कधीच जुळत नाही. पथकाचं खरं चित्रीकरण फोनवरचं असलं तरी शंभर पटीने चांगलं.

प्रत्येक तुकड्यात चेहरा वेगळा

थोडक्यात सांगतो. पात्राचं एक चांगलं चित्र पक्कं करा आणि प्रत्येक वेळी तेच संदर्भ म्हणून द्या, वर्णन पुन्हा लिहू नका. पंधरा सेकंदांसाठी तीन चेहऱ्यांची गरजही नसते. एकदा चेहरा, मग हातातला कंदील, मग ओसरीच्या ओल्या पायऱ्या.

थरथर आणि झटके

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोत चमचमतो, भिंत वळवळते, ती थरथर. ती क्लिपमध्येच असते आणि वर सांगितलेल्या, मूळ चित्राला भोकं पाडायच्या मार्गाने बहुतेक निघून जाते. उरलीच तर तो भाग किंचित धूसर करा आणि सगळ्या फ्रेमवर एकसारखा बारीक ग्रेन (फिल्मवर दिसतात तसे कण) टाका. खऱ्या आणि बनवलेल्या तुकड्यांमधला फरकही त्याने कमी जाणवतो.

ठरावीक अंतराने बसणारा झटका हे फ्रेम रेटचं, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम याचं, काम. व्हिडिओ बनवणारी बरीच मॉडेलं सेकंदाला २४ फ्रेम देतात. तुमची टाइमलाइन २५ ची असेल तर दर सेकंदाला एक फ्रेम दोनदा येते, ३० ची असेल तर दर चार फ्रेमनंतर एक. संथ सरकणाऱ्या कॅमेऱ्यात हे लगेच जाणवतं. सरळ उपाय म्हणजे टाइमलाइनच २४ ची करा, फोनला काही अडचण नसते. २५ हवीच असेल तर ‘इंटरप्रिट फुटेज’मध्ये जाऊन क्लिप २५ ला कन्फॉर्म करा, म्हणजे त्याच फ्रेम सेकंदाला २५ ने चालवा. ती साधारण चार टक्के जास्त वेगाने चालेल, पावसात ते कुणाला कळणार नाही. मधल्या फ्रेम बनवून देणारा ऑप्टिकल फ्लो एआयच्या क्लिपवर शक्यतो लावू नका. आधीच डळमळीत असलेल्या कडा तो आणखी वितळवतो.

पावसाच्या दृश्यात वीज चमकवायचा मोह होतो. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट नको, असं वेबवरच्या सुलभतेचे निकष सांगतात, कारण काही माणसांना त्याने फेफऱ्याचा झटका येऊ शकतो. एकदाच चमकवा, आणि नाव उमटायच्या क्षणी चमकवा.

चित्र सुंदर आहे, पण आपलं वाटत नाही

हा दोष तांत्रिक वाटत नाही म्हणून शेवटी ढकलला जातो, पण प्रेक्षक तुटतो तो इथे. ‘महाराष्ट्रीय बाई’ म्हटलं की मॉडेल नथ, पैठणी, चंद्रकोर आणि गजरा एकदम चढवतं. रात्री पावसात कंदील घेऊन ओसरीवर आलेली बाई सणाची नथ कशाला घालेल? नऊवारी म्हणून जे येतं त्यात कासोटाच नसतो. वाडा म्हणून राजस्थानी झरोके येतात. प्रेक्षकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येईलच असं नाही, पण हे आपल्या घरातलं नाही हे त्याला क्षणात कळतं.

शब्द वाढवून हे सुटत नाही, फोटो देऊन सुटतं. पुण्यात असाल तर विश्रामबागवाड्याची लाकडी दर्शनी बाजू, सुरूच्या आकाराचे खांब, असं स्वतः टिपून आणा आणि संदर्भ म्हणून द्या. गावाकडच्या एखाद्या ओसरीचा फोटो त्याहून चांगला. साडीसाठी संस्थेतल्याच एखाद्या अभिनेत्रीला नेसवून, तिची परवानगी घेऊन, हव्या त्या पवित्र्यात फोटो काढा. बाई खरी आणि भोवतालची रात्र एआयची, असंही करता येतं, आणि माझा कल तिकडेच आहे. प्रेक्षक शेवटी तिलाच रंगमंचावर बघणार आहेत.

वारलीबद्दल वेगळं सांगायला हवं. ‘वारली शैलीत’ असं सांगून काढलेली चित्रं सध्या सगळीकडे दिसतात. वारलीतला माणूस टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांचा असतो. यंत्र त्याला गुडघे, छटा आणि सावल्या देतं, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर मधेच तोडतं, लग्नाच्या चौकातली पालघाट देवी म्हणून नुसती नक्षी काढतं. ही चित्रकला पालघर जिल्ह्यातल्या माणसांची आहे, तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि ती जगापुढे नेणारे जिव्या सोमा मशे २०११ साली पद्मश्री झाले. तिथले चित्रकार आज काम करत आहेत. त्यांच्याकडून चित्र काढून घ्या, योग्य पैसे द्या, नाव द्या, आणि हलवायची परवानगी मागा. त्रिकोणांची ती माणसं सांध्यांवर कापून हलवायला अतिशय सोपी आहेत. एआयची गरजच पडत नाही.

वाचायला वेळच मिळत नाही

पंधरा सेकंदांत नाव, तारीख, वेळ, नाट्यगृह, तिकिटाचा नंबर, सगळ्या कलाकारांची नावं, असं भरलं की काहीच पोचत नाही. पहिल्या दोन सेकंदांत ज्योत आणि चेहरा दिसू द्या. मग नाव. ते उमटत असताना कॅमेरा थांबवा. तारीख आणि जागा आली की पाऊससुद्धा मंद करा किंवा त्यावर अंधार चढवा, म्हणजे त्या वेळी पडद्यावर नवं असं एकच असेल. मजकूर किती वेळ ठेवायचा, तर स्वतः तो मोठ्याने, घाई न करता दोनदा वाचा, तेवढा. कलाकारांची नावं पोस्टसोबत लिहायच्या मजकुरात जाऊ द्या. अगदी तळाला आणि उजव्या कडेला काही लिहू नका, तिथे ॲपची बटणं बसतात. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून आवाजाशिवाय सगळं कळायला हवं.

अपलोडनंतरचे पट्टे

रात्रीच्या आकाशात रंग उतरत जातो तिथे पायऱ्या दिसतात. प्रोजेक्ट १६ बिटमध्ये ठेवा (रंगाच्या जास्त छटा मिळतात), आकाशावर अगदी हलका ग्रेन टाका, १०८० × १९२० आकारात एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ प्रकारातली फाइल चढ्या बिटरेटने (दर सेकंदाला जास्त डेटा ठेवून) काढा. व्हॉट्सॲपवर संस्थेच्या ग्रुपला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल आकसते, आणि तीच कुणीतरी इन्स्टाग्रामवर चढवली की दुसऱ्यांदा आकसते. यूट्यूबवर खऱ्यासारखं दिसणारं बनवलेलं दृश्य असेल तर तसं नोंदवणं मार्च २०२४ पासून आवश्यक आहे. इतर ठिकाणीही ‘दृश्यं एआयच्या मदतीने’ एवढं लिहून टाका.

शेवटची तपासणी संगणकावर करू नका. संस्थेत ज्याचा फोन सगळ्यात जुना आहे त्याला भर दुपारी अंगणात, आवाज बंद करून, एकदाच दाखवा आणि लगेच विचारा : प्रयोग कधी, कुठे? त्याने तारीख सांगितली तर काम झालं. नाही सांगितली तर नवी क्लिप काढू नका, तारखेची फ्रेम दोन सेकंद वाढवा आणि पुन्हा दाखवा.